साखरेच्या पुड्या

सोमवार, रात्री

इटलीहून परत येऊन आठवडा झाला. बॅगेच्या तळाशी राहिलेली बाबांची करडी पँट आज मशीनमध्ये टाकताना खिसे चाचपले, तर हातात साखरेच्या पुड्या आल्या. हॉटेलच्या नाश्त्याच्या टेबलावर असायच्या त्या, लांबट, बोटाएवढ्या, कागदाच्या. अकरा भरलेल्या. बारावी फाडलेली, रिकामी, टोक नीट दुमडलेलं. बाबा कचराही घडी घालून ठेवतात.

बाबा चहा बिनसाखरेचा घेतात. सकाळच्या गोळीनंतर वेळेवर पोटात काही गेलं नाही की त्यांची शुगर उतरते, हात थरथरतात. हे मला माहीत आहे. माझ्या पिशवीत खाकरे होते, राजगिऱ्याचे लाडू होते. पण पिशवी माझ्या खांद्यावर आणि मी कायम दहा पावलं पुढे. म्हणून त्यांनी आपली सोय आपणच करून ठेवली. मला एकदाही म्हणाले नाहीत, भूक लागली म्हणून.

ती फाडलेली पुडी कुठल्या दिवसाची?

तीन महिने खपून मी तक्ता केला होता. आज पुन्हा उघडून बघितला. व्हॅटिकन म्युझियम सकाळी ९. कोलोसियम दुपारी १२.३०, कारण सकाळची तिकिटं संपली होती. फ्लोरेन्सची गाडी, तिथलं उफिझी चित्रसंग्रहालय, सगळ्यापुढे वेळ. मध्ये मध्ये नुसतं ‘जेवण’ लिहिलंय. त्याच्यापुढे वेळ नाही. एकाही दिवशी नाही.

आणि मला ठाऊक होतं की तिथली बरीचशी हॉटेलं तीनच्या सुमारास स्वयंपाकघर बंद करतात, ती सातनंतर उघडतात. मे महिन्यात रोम आपल्या साडेतीन तास मागे असतं. म्हणजे पार्ल्यात आपण साडेआठला पानं घेतो तेव्हा तिथे पाच. पोट घरच्या घड्याळावर आणि समोर बंद दार. चाळीस वर्षं साडेबाराच्या ठोक्याला डबा उघडलेला माणूस तो.

बहुतेक कोलोसियमच्या दिवशी फाडली असेल. त्याच तिकिटात शेजारचे फोरमचे जुने अवशेष आणि पॅलाटिन टेकडीही असते, आणि मला ते सोडायचं नव्हतं. बाबा सावलीत एका दगडावर बसले. “तुम्ही व्हा पुढे, मी येतो.” मी चिडले होते. त्यांचा तिथला फोटो आहे माझ्याकडे, दुपारी दोन सतराचा. आज मोठा करून बघितला. उजवी मूठ मिटलेली आहे. कपाळावर घाम आहे, पण त्या उन्हात घाम कोणाला नव्हता? जेवायला मिळालं साडेतीनला, वजनावर विकतात तो पिझ्झा, फुटपाथवर उभ्याने.

की व्हॅटिकनला? तिथे दालनामागून दालन चालत गेल्यावर शेवटी सिस्टीन चॅपल येतं. मायकेलएंजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं ते छत रंगवलं. बाबा भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसले. मला वाटलं, मान दुखते म्हणून बसून बघतायत. बाहेर आल्यावर कॉफीसुद्धा मी काउंटरवर उभ्याने घ्यायला लावली, कारण टेबलावर बसलं की तीच कॉफी महाग. किती युरो वाचवले मी?

आणि मी काय बसून जेवत होते? आईला चालेल असं शोधायचं मी, पदार्थात मांस नाही ना ते विचारायचं मी. पार्मेसान चीज वासराच्या पोटातल्या, दूध साकळवणाऱ्या रेनेटशिवाय होत नाही, हे वाचून आईच्या ताटातून ते गुपचूप बाजूला काढायचं, तेही मीच. आठ दिवसांत ‘तू जेवलीस का गं’ म्हणून कोणी विचारलं? ह्यांनी तर... जाऊ दे.

फ्लोरेन्सला कॅथेड्रलच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. आईच्या गुडघ्यांकडे बघून ते रद्द केलं आणि साडेबारालाच जेवायला बसलो. बीन्स, पालेभाजी आणि शिळ्या पावाचं घट्ट सूप. तिथला पाव अळणी असतो, आईने पर्समधून मिठाची डबी काढली. बाबांनी दोनदा पाव मागितला. दोन तास आम्ही तिथून हललो नाही. तेव्हा मी घड्याळ बघत होते. आज ते सूप आठवतंय, उफिझीतलं एकही चित्र धड आठवत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर पुड्या बाबांपुढे ठेवल्या. एवढंच विचारलं, “ही कधी फाडलीत?”

त्यांनी चष्मा लावून पुडी बघितली. “ही होय. पिल्लू रांगेत रडकुंडीला आला होता. दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली. तू तिकिटं दाखवत होतीस.”

“कुठल्या रांगेत, बाबा?”

“ते आता कुठलं आठवायला.”

मग त्यांनी अकराच्या अकरा पुड्या उचलल्या आणि आपल्या गोळ्यांच्या डब्यात ठेवल्या. पुढच्या वेळेला लागतील, म्हणाले.

मी तक्ता परत उघडलाय. ‘जेवण’ लिहिलंय तिथे प्रत्येक दिवशी १२.३० घालत बसलेय. ट्रिप होऊन गेलीय, तरी.