हठप्रदीपिकेची पंधरा आसने: कुक्कुट जमले, उत्तानकूर्म बाकी

स्वात्मारामाने हठप्रदीपिका या हठयोगावरच्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, 15 आसने दिली आहेत. ती श्लोकाबरहुकूम साधायची, एवढाच माझा सध्याचा सराव. स्वस्तिक, सिद्ध, पद्म, भद्र ही बैठी आसने स्थिर झाली आहेत.

या खेपेचा आनंद कुक्कुटासनाचा! पद्मासन घालायचे, मांड्या-पोटऱ्यांच्या फटीतून हात खाली न्यायचे, तळवे टेकवून अंग अधांतरी धरायचे. श्लोकात इतकेच आहे. सगळी कसोटी हात आत घालण्यात आहे, उचलणे त्यामानाने सोपे. पाय उघडे ठेवून हातांना पाणी लावले की कातडी ओढली जात नाही आणि हात कोपरापर्यंत सरकतो. कोपर पार झाले की पद्मासन दंडांवर आपोआप पेलले जाते. इथूनच उत्तानकूर्म सुरू होते: त्याच बंधात उताणे होऊन हातांनी मान कवटाळायची. माझी बोटे अजून मानेमागे गुंफत नाहीत. ओढाताण केली तर गुडघ्यावर ताण येतो, म्हणून तिथे मी थांबतो.

धनुरासनाने मात्र मला फार विचार करायला लावला. पाठीमागे हात नेऊन पाय धरण्याचे धनुरासन घेरंडसंहिता या हठयोगाच्या दुसऱ्या ग्रंथातल्या 32 आसनांत आहे. प्रदीपिका पायांचे अंगठे धरून धनुष्यासारखे कानापर्यंत ओढायला सांगते. प्रदीपिकेवरची ब्रह्मानंदाची ज्योत्स्ना टीका ते उलगडते: एक हात पसरलेला, दुसरा कानाशी. कूर्मासनाचेही तसेच. प्रदीपिकेत घोटे उलटसुलट ठेवून गुदद्वार रोधून बसायचे आहे, पुढे वाकण्याचा उल्लेखच नाही. केवळ नावावरून आसन ओळखू नये, मूळ श्लोक उघडावाच, असे मला अगदी मनापासून वाटते.

मयूरासनात कोपरे नाभीच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसतात, अंग दंडासारखे क्षणभर आडवे राहते. बोटे कुठे वळवायची हे श्लोक सांगत नाही. मी पायांकडे वळवतो, मनगटाला बरे पडते.

आता पूर्ण मत्स्येंद्रासन. एक पाऊल दुसऱ्या मांडीच्या मुळाशी, दुसरे पाऊल गुडघ्याबाहेर, मग पीळ. उजवीकडे पाऊल हाती येते, डावीकडे खांदा अडतो. त्यामुळे सध्या रोज डावी बाजू आधी.