पाळीव प्राण्यांवरचा दंड: आधी ठरावाची प्रत मागा

मुंबईतील एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेने घरात कुत्रा किंवा मांजर पाळल्याबद्दल दंड लावला, तर बहुतेक कुटुंबे वाद नको म्हणून तो निमूटपणे भरतात, आणि काही कुटुंबे त्या मुक्या जिवाला दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात घालून मोकळी होतात, हे लिहितानाही मला वाईट वाटते. दंड कशाच्या आधारे लावला, असे विचारणारे फार थोडे. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत ही वेळ आमच्यावर आली तेव्हा मी तसे विचारले, आणि त्यातून जे हाती लागले ते अशाच कात्रीत सापडलेल्या इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे.

मेंटेनन्सच्या बिलात पाणीपट्टी, सिंकिंग फंड आणि पार्किंग यांच्या खाली ‘पेट पेनल्टी’ अशी एक नवी ओळ आली होती आणि तिच्यापुढे २,००० रुपये लिहिलेले होते. आमची टिल्ली ही गावठी कुत्री आहे, वयाने थकलेली, आणि आता तिला ऐकूही कमी येते. मी सेक्रेटरी काकांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, एजीएममध्ये ठराव झालाय, आता माझ्या हातात काही नाही.” मी म्हटले, “काका, मग त्या ठरावाची प्रत द्या आणि तो कोणत्या उपविधीखाली केला, एवढे लेखी कळवा.” ही मागणी मी त्याच दिवशी पत्राने केली आणि दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का व तारखेसह पोच घेतली. सदस्याला उपविधी, म्हणजे संस्थेचे नोंदणीकृत नियम, आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त पाहण्याचा हक्क कायद्यानेच आहे, त्यामुळे ही मागणी म्हणजे भांडण उकरून काढणे नव्हे.

ठराव आणि उपविधी यांतला फरक समजला की अर्धे काम होते. सभेत हात वर झाले म्हणजे नियम झाला, अशी सर्वत्र समजूत आहे. परंतु महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १३ नुसार उपविधीत केलेली दुरुस्ती निबंधकांकडे, म्हणजे सहकारी संस्थांची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे, नोंदवली जाईपर्यंत वैध ठरत नाही. आमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींत पाळीव प्राण्यांना बंदी करणारे एकही वाक्य नव्हते आणि दुरुस्तीचा प्रस्तावही कधी निबंधकांकडे गेलेला नव्हता. जो उपविधी अस्तित्वातच नाही त्याचा भंग कसा होणार, हा आमचा पहिला मुद्दा होता.

दुसरा मुद्दा दंडाच्या पद्धतीचा. शासनाने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे उपविधीभंगाबद्दल दंड लावायचा झाल्यास आधी सदस्याला कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, आणि मगच सर्वसाधारण सभेने ठरवलेला दंड आकारता येतो. शिवाय एका आर्थिक वर्षातील दंडाला ५,००० रुपयांची मर्यादा आहे. दरमहा २,००० रुपये म्हणजे वर्षाला २४,०००, हा हिशेब कोणालाही करता येईल. तुमच्या संस्थेने कोणते उपविधी स्वीकारले आहेत ते मात्र स्वतः वाचून पाहावे, कारण जुन्या संस्थांत वर्षानुवर्षे जुनीच प्रत चालू असते.

आता मूळ प्रश्न, म्हणजे बंदी घालताच येते का. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ हे प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली स्थापन झालेले वैधानिक मंडळ आहे. त्याने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की रहिवाशांच्या संस्थांना बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टचा वापरही नाकारता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये निवासी इमारतींतील अशा सरसकट बंदीच्या तरतुदी बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवल्या. समितीतील एक वकील सदस्य म्हणाले की मंडळाच्या सूचना म्हणजे अधिनियम नव्हे आणि केरळचा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही. त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे नाही, आणि म्हणूनच केवळ या दोन कागदांच्या जोरावर भांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उपविधी आणि दंडाची पद्धत हे मुद्दे जास्त भक्कम आहेत. मंडळाच्या सूचना त्यांना बळ देतात, त्यांची जागा घेत नाहीत.

पैशांच्या बाबतीत सर्वाधिक सावध राहावे लागते. रागाच्या भरात पूर्ण मेंटेनन्स थांबवला तर आपण थकबाकीदार ठरतो, मग समितीच्या निवडणुकीला उभे राहता येत नाही आणि संस्था निबंधकांकडे वसुली दाखला, म्हणजे थकबाकी सक्तीने वसूल करण्याचा आदेश, मागू शकते. आम्ही दंड वगळून उरलेली रक्कम दर महिन्याला धनादेशाने भरली आणि प्रत्येक धनादेशासोबत ही रक्कम फक्त नियमित आकारापोटी आहे, दंड आम्हाला मान्य नाही, असे पत्र जोडले. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५९ प्रमाणे देणेकऱ्याने रक्कम कोणत्या देण्यापोटी आहे हे सांगितले असेल आणि समोरच्याने ती स्वीकारली, तर ती त्याच खात्यात जमा करावी लागते. ते पत्र नसते तर आमचे पैसे आधी दंडात वळते झाले असते आणि मेंटेनन्स थकीत दिसला असता. भाड्याने राहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की घरमालकाशी झालेल्या लिव्ह अँड लायसन्स करारात प्राणी न ठेवण्याची अट असेल तर तो वेगळा विषय आहे आणि सोसायटीशी केलेला पत्रव्यवहार तिथे कामाला येत नाही.

या साऱ्या कागदपत्रांच्या मागे माणसे असतात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार खरी होती. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्या काठी घेऊन चालत, आणि लिफ्टचे दार उघडताच समोर कुत्रा दिसला तर त्यांचा तोल जाईल, ही त्यांची भीती अगदी रास्त होती. त्यांच्याशी बोलून आम्ही ठरवले की त्या लिफ्टमध्ये असतील तर आम्ही पुढच्या फेरीला जायचे आणि टिल्लीचा पट्टा कायम आखूड धरायचा. जिन्याच्या मधल्या पायरीवर दुपारी येणारा लघवीचा वास हीदेखील खरी तक्रार होती. तो वास टिल्लीचा नव्हता, तरीही आम्ही फिनेल आणि पाण्याची बाटली दाराशी ठेवली आणि पायरी धुतली, कारण वासाने हैराण झालेल्या माणसाला कुत्रा कोणाचा हे तपासत बसण्याची गरज वाटत नाही. महापालिकेचा श्वान परवाना आणि रेबीजच्या लसीची नोंदवही यांच्या प्रतीही आम्ही न मागता समितीला दिल्या.

दंडाला कंटाळून कुत्रा सोडून देण्याचा विचार ज्यांच्या मनात येत असेल त्यांना मी हात जोडून सांगते की तसे करू नका. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ मध्ये, पुरेशा कारणाशिवाय प्राण्याला उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत टाकून देणे हा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, घरात वाढलेला प्राणी रस्त्यावर तग धरू शकत नाही.

पत्रांना उत्तर आले नाही तर आपल्या वॉर्डच्या सहकारी संस्था उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि वाद मिटलाच नाही तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा मार्ग आहे. आम्हाला न्यायालयापर्यंत जावे लागले नाही. उपनिबंधकांनी सोसायटीकडून खुलासा मागवल्यावर समितीने नवा दंड आकारणे थांबवले. मागची रक्कम मात्र अजून आमच्या नावावर दिसते आणि ती रद्द करून घेण्यासाठी पत्रव्यवहार चालू आहे. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्यासाठी मी एक लेखी प्रस्तावही दिला आहे: बंदीचा ठराव मागे घ्यावा आणि त्याऐवजी पट्टा, लसीकरण, परवाना, लिफ्टमधील अग्रक्रम आणि घाण उचलण्याची जबाबदारी यांविषयी साधी आचारसंहिता करावी. त्यावर अनुमोदक म्हणून पहिली सही खालच्या मजल्यावरच्या काकूंची आहे.