तुमच्यात माफी लगेच मिळते ना?

मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडतीवर हिशेब लिहितो आणि धर्माने ख्रिस्ती आहे. त्यामुळे दर हंगामाला कुणीतरी म्हणतंच, "तुमचं बरंय राव. आठवडाभर काहीही करा, रविवारी चर्चमध्ये माफी मागा, सोमवारी पाटी कोरी. मग पाप-पाप करून एवढं डोक्याला का लावून घेता?" बहुतेक जण चेष्टेत विचारतात. परवा तूर घेऊन आलेल्या एका काकांनी मात्र मनापासून विचारलं. काका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

तुमची शंका काही हवेतली नाही. आमच्या उपासनेत पापांगीकाराची प्रार्थना असते. विचाराने, शब्दाने आणि कृतीने केलेली पापं त्यात कबूल करायची. ती सगळ्यांना तोंडपाठ. पहिल्या ओळीला आवाज एकत्र निघतो, पुढे जो तो आपल्या चालीने धावत सुटतो. कुणी पदर सारखा करतं, लेकरं दानाचं नाणं मुठीत फिरवत बसतात. बघणाऱ्याला माफी स्वस्तातली वाटली तर त्याला बोल कसा लावणार? पण इंग्लंडच्या चर्चने १५५२ साली अशीच एक प्रार्थना आपल्या पुस्तकात घातली, तिचा क्रम बघा. जे करायला हवं होतं ते केलं नाही, हे आधी येतं. जे करायला नको होतं ते केलं, हे नंतर. कुणाच्या अध्यात ना मध्यात असणाऱ्या सज्जनाचीही तिथे सुटका नाही.

आणि तुमचा प्रश्न जुनाच आहे. येशूचा सुरुवातीचा प्रचारक पौल, त्याने रोमच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं, त्याच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच त्याने होते: देवाची कृपा वाढतेय, तर आपण पाप करत राहावं का? पौल म्हणतो, मुळीच नाही. अध्याय संपता संपता तो सांगतो की पापाची मजुरी मरण आहे. आमच्या श्रद्धेप्रमाणे माफी आम्हाला फुकट मिळते, पण तिच्यापायी क्रूसावर एक जीव गेलाय. हे ज्याला खरोखर पटलं, तो सोमवारी पाटी कोरी झाली म्हणून उड्या मारत नाही.

आता पवित्रतेचं. पवित्र माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उपास, सोवळं, मिटलेले डोळे येतात. माझ्या मते सगळा घोळ इथेच होतो. बायबलच्या जुन्या करारात लेवीय नावाचं पुस्तक आहे. त्याच्या एकोणिसाव्या अध्यायात देव म्हणतो, मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा. मग पवित्र म्हणजे काय, तर कापणी करताना शेताच्या कडेकोपऱ्यांपर्यंत कापू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका. वजनमाप खरं ठेवा. मी काट्याशेजारी बसणारा माणूस. हा अध्याय चर्चमध्ये वाचला जातो तेव्हा मला समोर वेदी नाही, मोंढा दिसतो. बायबलच्या नव्या करारात पत्र लिहिणारा याकोब तर पुढे जाऊन म्हणतो की कापणीवाल्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलंय. ऊसतोडीची उचल आणि मुकादमाची वही पाहिलेल्या आपल्या मुलखात हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

आमच्या घरात याला आणखी एक पदर आहे. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. ते जन्माने ब्राह्मण, १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले. आणि त्यांच्याकडे आलेल्यांत मांग समाजाची माणसं पुष्कळ. गावाने ज्यांची सावलीही अपवित्र ठरवली होती, त्यांना नव्या करारातल्या मार्काच्या पुस्तकात, सातव्या अध्यायात, येशू सांगताना सापडला की बाहेरून आत जाणारं काहीही माणसाला विटाळवत नाही. मनातून निघतं ते विटाळवतं. लोभ, कपट, गर्व. पापी सगळेच, पण जन्माच्या जातीने कुणी जास्त आणि कुणी कमी नाही. एवढं कडक बोलणं त्यांना दिलासा वाटलं असेल, असं मला वाटतं.

माणूस या जन्मी पूर्ण पवित्र होतो का, यावर आमच्यातच एकमत नाही. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा जर्मन धर्मसुधारक ल्यूथर म्हणायचा, विश्वासणारा एकाच वेळी नीतिमानही आणि पापीही. मेथडिस्ट पंथाचा इंग्रज प्रवर्तक वेस्ली, त्याला वाटायचं, माणूस प्रेमात परिपूर्ण होऊ शकतो, तोही इथेच. मी मोंढ्यात असल्यामुळे ल्यूथरकडे झुकतो.

पण नुसत्या माफीवर भागत नाही, एवढं नक्की. जुन्या करारात देवाने मोशेकरवी दिलेल्या नियमात फसवून घेतलेलं परत करायचं, वर त्याचा पाचवा हिस्सा द्यायचा. जकातदारांचा मुख्य जक्कय तर येशू घरी आल्यावर म्हणाला, कुणाचं लुबाडून घेतलं असेल तर चौपट परत करतो.

हे ऐकून काकांनी कडत्याचा, म्हणजे वजनातून कापून घेतल्या जाणाऱ्या मालाचा, हिशेब मांडला. क्विंटलमागे दोन किलो कापले, तर मोशेप्रमाणे दोन किलो चारशे ग्रॅम परत. जक्कयाप्रमाणे आठ किलो. मग गादीकडे नजर टाकून म्हणाले, "तुमच्या शेटला मोशेचंच सांगा आधी. जक्कयाचं एकदम झेपायचं नाही त्याला."