डिस्क वाकडी नाही, डॉक्टर

पार्ल्याचे एक डॉक्टर पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या वर्कशॉपच्या गाळ्यावर आले. साकीनाक्याच्या आमच्या गल्लीत केमनसारखी पोर्शेची स्पोर्ट्स कार घेऊन शिरायचं म्हणजे टेम्पोवाल्यांच्या शिव्या खायच्या. त्या खाऊनच आले होते. उतरल्या उतरल्या म्हणाले, "काका, पुढच्या दोन्ही डिस्क वाकड्या झाल्यात. शंभरच्या स्पीडला ब्रेक दाबला की स्टीअरिंग हातात नाचतं. लेथवर मारून द्या."

गाडी सेकंडहँड, पण त्यांचा जीव की प्राण. वर्षातून दोनदा ती ट्रकवर चढवून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला नेतात. तिथे १९९० पासूनचा ट्रॅक आहे, ३.७ किलोमीटरचा. यंदाच्या फेरीसाठी नवे ट्रॅकचे ब्रेक पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबतात ते) टाकले आणि तेव्हापासून ही थरथर.

"वाकडी डिस्क" हे शब्द मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. खरोखर वाकलेली डिस्क बत्तीस वर्षांत किती पाहिली, ते एका हाताच्या बोटांवर सांगेन.

चाक काढलं. डिस्क हबवर, म्हणजे चाक बसतं त्या भागावर, घट्ट आवळली, डगमग मोजणारा डायल गेज लावला आणि हाताने फिरवली. काटा तीन शतांश मिलिमीटर हलला. एवढं चालतं. आपल्या दमट हवेत हबच्या तोंडावर गंज धरतो, आणि त्याची एक पापडी डिस्कच्या मागे अडकली की काटा उगाच जास्त हलतो. म्हणून आधी तिथे वायर ब्रश मारायचा, दोष नंतर शोधायचा. यांचा हब स्वच्छ होता. मग मायक्रोमीटर घेऊन डिस्कची जाडी बारा ठिकाणी मोजली. अकरा ठिकाणी जवळपास सारखी, बाराव्या ठिकाणी अठरा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे अठरा हजारांश, जास्त. जास्त, बरं का. डिस्क झिजली नव्हती, तिच्यावर काहीतरी चढलं होतं. बॅटरी मारली तर पॅडच्या आकाराचा निळसर करडा छापा, कडा अशा स्वच्छ की पोस्टाचा शिक्का वाटावा.

"पॅड टाकल्यावर कुठे फिरवलीत?"

पहाटे चारला ईस्टर्न फ्रीवेवर. कुठेतरी वाचलं होतं, शंभरवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा जोरात ब्रेक मारायचे म्हणजे पॅड सेट होतात. फ्रीवेला ८०ची मर्यादा आहे आणि मागून येणाऱ्या गाडीवाल्याने काही वाचलेलं नसतं, हे मी त्यांना सुनावलं. ते त्यांनी ऐकून घेतलं. पण चूक पुढे झाली होती. दहावा ब्रेक मारून फ्रीवे उतरले आणि पी. डी'मेलो रोडला सिग्नल लाल. गाडी उभी, ब्रेक दाबलेला, मिनिटभर.

इथे मला तवाच आठवतो. डिस्क बिडाची असते आणि आमच्या घरचा घावनांचा तवाही बिडाचा. नवा तवा आणला तेव्हा बायकोने तो तापवून, तेल पुसून, पुन्हा तापवून दोन दिवस वळवला. एकदम धूर काढला नाही आणि एका जागी तेल साचू दिलं नाही. साचलं की तिथे चिकट डाग बसतो आणि पुढचं प्रत्येक घावन त्याच जागी धरतं. पॅडचंही तेच. ट्रॅकचा पॅड गरम झाला की आपल्या अंगचा एक पातळ थर डिस्कवर सोडतो, आणि पुढचा ब्रेक बराचसा पॅड आणि त्याच थरात लागतो. थर सगळीकडे सारखा बसावा म्हणून ते आठ-दहा ब्रेक. नव्या पॅडमधल्या राळेचा वायू निघून जावा, हेही त्यातच होतं. तो ट्रॅकवर ऐन वळणाआधी निघाला तर पाय दाबलेला असतो आणि गाडी मात्र जात राहते.

पण या सगळ्यात थांबणं कुठेच बसत नाही. गरम पॅड गरम डिस्कवर दाबून धरला की तेवढ्याच जागी जास्त माल उतरतो. केमनच्या चाकाचा एक फेरा साधारण दोन मीटरचा. म्हणजे शंभरच्या वेगाला तो डाग सेकंदाला चौदा वेळा पॅडखालून जातो, आणि दर वेळी पॅडला एक टिचकी. पंधरा-वीस मायक्रॉनचा फरकही हाताला कळतो.

"मग मारून टाका ना लेथवर," डॉक्टर म्हणाले.

नाही मारलं. काही वर्षांपूर्वी अशीच एक डिस्क मी फेसिंग मारून दिली होती. डागाची जागा आली की लेथच्या टूलची टिप टिक करायची, दर फेऱ्याला टिक. मी दुर्लक्ष केलं. तीन आठवड्यांत गिऱ्हाईक परत, थरथर होती तशी. डागाखालचं बीड साडेसहाशे-सातशे अंशांपर्यंत तापलं की त्यात सिमेंटाइट तयार होतं, फार कडक. तिथे टूल दबतं आणि तेवढी जागा केसभर वर राहते. पुढे सगळी डिस्क झिजते, ती जागा झिजत नाही. आणि वर राहिली म्हणून तीच जास्त तापते. ते पैसे मी परत केले होते.

डॉक्टरांचा डाग ताजा होता, वरवरचा. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजू गोल गोल घासल्या. पॅडही सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, ओल्या पेपरवर घासले. ही पूड हवेने उडवायची नाही, नाकात जाते. तासाभराने मोजलं तर फरक पाच मायक्रॉनवर.

आता पॅड पुन्हा सेट कुठे करायचे? कोस्टल रोडला ८०, बोगद्यात ६०. अटल सेतूवर शंभर चालतं, पण तिथे विनाकारण वीसवर येणारा माणूस मला मागच्या गाडीत बसून बघायचा नाही. आणि कुठूनही परत या, शेवटी सिग्नल आहेच. मी म्हटलं, "इथे जुने पॅड लावा. ट्रॅकचे तिकडेच बसवा, पहिल्या सेशनला."

त्यात आणखी एक फायदा होता. ट्रॅकचे पॅड थंड असताना किंचाळतात. ही थरथरीपेक्षा निराळी भानगड. थरथर हाताला लागते, ही कानाला, काही हजार हर्ट्झची शिट्टी. पॅड, डिस्क आणि पॅड दाबणारा कॅलिपर एकमेकांना नाचवतात. पॅडच्या मागे शिम म्हणजे पातळ पत्री लावा, ग्रीस लावा, पॅडच्या कडा उतरवा, थोडी कमी होते. पण त्या पॅडचा माल तापूनच वागणारा. डॉक्टरांच्या सोसायटीचा वॉचमन म्हणे आवाज ऐकूनच गेट उघडायचा. केमनचा कॅलिपर बरा, पिन काढली की पॅड वरून बाहेर येतात, त्यामुळे अदलाबदल सोपी. फक्त एका मालाच्या थरावर दुसऱ्या मालाचा पॅड चालवायचा म्हणजे पहिले काही ब्रेक संभाळून, नवा थर बसेपर्यंत.

जाताना एकच गोष्ट तीनदा सांगितली. दहा ब्रेक झाले की एक फेरी ब्रेकला पाय न लावता, आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही.

शनिवारी दुपारी इरुंगट्टुकोट्टईहून त्यांच्या मित्राचा व्हिडिओ आला. पिटमध्ये गाडी न्यूट्रलला, ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नाही. डॉक्टर हेल्मेट काखेत धरून मागून ढकलतायत, वीतभर पुढे, थांबून मनात आकडे मोजतात, पुन्हा वीतभर. बाजूच्या गॅरेजमधली पोरं विचारतायत, "सर, स्टार्टर गया क्या?"