दुकानदाराचा देव कोणता

दुसरी माळ, रात्र

घट बसले की आमच्या घरातल्या खरेदीचे नियम बदलतात. साबुदाणा, वरी, राजगिऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचं तेल, सैंधव. उपवासाची भाजणी सासूबाई बाहेरच्या गिरणीत देत नाहीत, कारण तिथे त्याच जात्यात गहू दळलेला असतो. कांदा-लसूण नऊ दिवस बंद. मी हे सगळं मनापासून करते. माझ्या आईने केलं, सासूबाई करतात, लेकानेही यातलं काही पुढे न्यावं अशी माझी इच्छा आहे. म्हणून श्रद्धा देवघरात ठेवा, बाजारात आणू नका, असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. फूल वाहणारा हात आणि पैसे देणारा हात एकच असतो.

पण नियम नेमका कशाला लावायचा? हा प्रश्न या आठवड्यात दोन बाजूंनी अंगावर आला.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवाळीच्या खरेदीची यादी आली. कपडे, सुकामेवा, आकाशकंदील, विजेच्या माळा, काय कुठून घ्यायचं ते सगळं. दुकानं निवडताना एकच गोष्ट पाहिलेली, मालक आपल्या धर्माचा आहे की नाही. खाली पालकांसाठी एक ओळ होती की मुलांना लहानपणापासूनच ही सवय लावा. आणि काल संध्याकाळी आरती आटोपल्यावर सातवीतल्या लेकाने त्याच्या विज्ञानाच्या वर्गाच्या सरांबद्दल विचारलं, "आई, आमचे सर देव मानत नाहीत. मग आपण त्यांना फी का देतो?" यादी त्यानेही वाचली होती. पुढे म्हणाला, "आडनावाने ते यादीत बसतात, पण मनाने नाही. मग?"

रात्रभर तो "मग?" डोक्यात राहिला. आज लिहून काढते.

आपल्या आजूबाजूचे खाण्यापिण्याचे धार्मिक नियम पाहिले तर ते जवळजवळ सगळे वस्तूबद्दल असतात. शेजारची जैन मैत्रीण हॉटेलात विचारते, यात बटाटा आहे का, कांदा आहे का. मुसलमान आई विचारते, हे हलाल आहे का. शीख माणूस हलाल मांस खात नाही, तोही कापण्याच्या पद्धतीबद्दल विचारतो. मी विचारते, हे कोणत्या तेलात तळलंय. हे प्रश्न विचारायला कुणालाच संकोच वाटू नये, आणि दुकानदाराने खरं उत्तर द्यावं. पैसे घेणारा मालक घरी कोणापुढे हात जोडतो, हे या प्रश्नांमध्ये येत नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये हाच फरक केला होता. कावड यात्रेच्या वाटेवरच्या खानावळींनी मालकांची नावं पाटीवर लावावीत, असा हुकूम उत्तर प्रदेशात निघाला. न्यायालयाने २२ जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली. जेवण कोणत्या प्रकारचं आहे ते लिहायला लावा, नाव लावायची सक्ती नको. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये झटका मटणाच्या, म्हणजे एका घावात कापलेल्या मटणाच्या, दुकानांसाठी मल्हार प्रमाणपत्र आलं, तेव्हाही मी याच पद्धतीने विचार केला. ज्याला झटकाच हवा त्याला तो कुठे मिळतो हे कळायला हवं, हे मला मान्य आहे. विकणाराही हिंदूच हवा, हा त्यातला भाग मला मान्य नाही. पहिला भाग मांसाबद्दल आहे, दुसरा माणसाबद्दल.

माणसाबद्दलचा नियम आपल्याकडे कधी नव्हताच, असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. होता, आणि फार कडक होता. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाची सावली चालत नाही, कुणाला दुकानाच्या पायरीखालीच थांबवून माल वरून टाकायचा. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते याच नियमाविरुद्ध. पुढे संविधानाच्या कलम १५ ने दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव सगळ्यांना खुले केले. हे कलम दुकानदाराला बांधतं, गिऱ्हाइकाला नाही. मी कुठून खरेदी करावी हे मला कोणताही कायदा सांगत नाही, आणि म्हणूनच हे माझ्या सदसद्विवेकाचं काम आहे. एवढ्या कष्टाने मागे टाकलेला "कुणाच्या हातचं" हा प्रश्न मी माझ्या मुलाच्या हाती पुन्हा देणार नाही, तोही धर्माच्या नावाने.

ठाण्यात टेंभी नाक्याच्या देवीला आपण सगळे जातो. आनंद दिघ्यांनी सुरू केलेला तो उत्सव, त्या रांगा, ती रोषणाई. त्याच नाक्यावर १८७९ पासून बेने इस्रायलींचं, म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) उभं आहे, शार हाशमायिम. देवीच्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना ते ठाऊक आहे, कोण जाणे. ही माणसं कोकणातली, मराठी बोलणारी, गावांवरून आडनावं घेतलेली, पेणकर, रोहेकर, नवगावकर. त्यांचा पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणून घाणा बंद. गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. कोकणातल्या किती देवळांतल्या समया त्यांच्या तेलावर जळल्या असतील, याचा विचार मी आज घटापुढे वात सारताना करत होते. त्या तेल्याचा देव एक, अमूर्त, मूर्तिपूजा त्याला पूर्ण निषिद्ध. आमच्या श्रद्धेशी याहून मोठा विरोध कोणता असणार? तरी गावातल्या बायांनी तेल घेताना एवढंच पाहिलं की तेल शुद्ध आहे आणि शनिवारी मिळणार नाही. त्याने आपला शनिवार सोडला नाही, बायांनी आपली समई सोडली नाही. मला माझ्या मुलासाठी नेमकं हेच हवंय.

आज जेवताना नवऱ्याशी यावर बराच वेळ बोलणं झालं. त्याचं म्हणणं मला झटकून टाकता येत नाही. तो म्हणाला, "आपल्या माणसाला दोन पैसे मिळावेत असं वाटलं तर त्यात गैर काय? सगळेच समाज हे करतात. आपणच काय पाप केलंय?" यात खरं आहे. मी स्वतः दिवाळीच्या चकल्या आणि अनारसे बचत गटाच्या बायकांकडून घेते, मोठ्या दुकानातून नाही. त्या आमच्याच भागातल्या, मराठी, कष्टाळू, त्यांच्या मुलांच्या फीची तारीख मला माहीत असते. ही माया आहे आणि ती मी लपवत नाही. पण यादी तशी नव्हती. यादीत त्या बायका नव्हत्याच! मोठी दुकानं होती, ज्यांच्या मालकांना आपण ओळखतही नाही. कुणाला तरी मुद्दाम देणं वेगळं आणि कुणाला तरी मिळू नये म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवणं वेगळं.

बहिष्काराने काय होतं ते महाराष्ट्राला पुरतं ठाऊक आहे. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या घराला किराणा मिळत नाही, दळण मिळत नाही, मयताला खांदा मिळत नाही. हे इतकं चाललं की २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला, आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तो कायदा सोसायटीच्या यादीला लागू होतो असं मी म्हणत नाही. तो ज्या जखमेसाठी केला, ती कशी होते हे मात्र आठवायला हवं.

नवरा म्हणाला, "स्वदेशी काय होती मग? तोही बहिष्कारच." होता. पण तो एका राजवटीच्या कृत्यावर होता. वंगभंग केला म्हणून १९०५ ला विलायती कापड नाकारलं. काहीतरी केल्याबद्दल नाकारणं मला समजतं, मी स्वतःही नाकारते.

लेकाच्या शाळेच्या वाटेवर एक टपरी आहे. आत देवीचा मोठा फोटो, त्यावर रोज ताजा हार, नवरात्रात मंडळाला भरघोस वर्गणी. आणि महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असलेला गुटखा तिथे पोरांना मिळतो. यादीच्या हिशोबाने हा मालक पूर्ण आपला. त्याच्याकडून मी पाण्याची बाटलीही घेत नाही आणि लेकाला कारण स्पष्ट सांगितलंय. याउलट आमचे राबोडीचे शिंपी मास्तर. देवीचा खण शिवायला दिला की तो वेगळ्या धुतलेल्या कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवतात. मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या धर्मात मूर्तीला वस्त्र नाही, पण माझ्यासाठी ते वस्त्र काय आहे हे त्यांना कळतं. दोघांपैकी कुणाशी व्यवहार ठेवला तर माझं मूल चांगलं शिकेल, याचा मला क्षणभरही विचार करावा लागत नाही.

अवघड आहे ते सरांचं, कारण तिथे मी वस्तू घेत नाही, मूल सोपवते. कापड शिवणाऱ्याचे विचार कापडात उतरत नाहीत. शिकवणाऱ्याचे उतरतात. म्हणून इथे "त्यांचं त्यांच्यापाशी" म्हणून मोकळं होता येत नाही. मुलाला संगीताला घाला, संस्कार शिबिराला घाला, विज्ञानाच्या वर्गाला घाला, शिकवणारा काय मानतो हे आईबापांनी विचारायलाच हवं.

मी विचारलं होतं. सर अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतात. नौपाड्यात दोन खोल्यांत त्यांचा प्रयोगांचा वर्ग चालतो, भिंग, चुंबकं, एक दुर्बीण. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं की पत्रिका, मुहूर्त, नवस यांतलं मी काही मानत नाही आणि मुलांनी विचारलं तर तसंच सांगेन. त्यांच्या सरळपणामुळेच माझा विश्वास बसला. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्या दिवशी माझ्यासारखी देवभोळी बाई सुन्न झाली होती. आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीला आहे, असं ते सतत सांगत. ते ज्यांना पटलं नाही त्यांनी वाद घालायला हवा होता.

७ सप्टेंबर २०२५ ला खग्रास चंद्रग्रहण होतं. सरांनी मुलांना गच्चीवर बोलावलं आणि ग्रहण लागल्यावर मुद्दाम पोहे खायचे असंही ठरवलं. आमच्याकडे वेध पाळतात, सासूबाई त्या काळात पाणीही घेत नाहीत. मी फोन केला. म्हटलं, "तो येईल, सगळं बघेल, पण खाणार नाही. घरचा नियम आहे." ते म्हणाले, "त्याला आग्रह करणार नाही. बाकीची मुलं खातील, आणि खाल्ल्याने काही होत नाही हे मी सांगणार. चालेल?" मी म्हटलं, "चालेल." तो गेला, खाल्लं नाही. उत्तररात्री घरी आल्यावर आजीने सांगितलेली मोक्षाची आंघोळ केली आणि पृथ्वीच्या वातावरणातून वाकून गेलेल्या लाल प्रकाशामुळे चंद्र तांबडा का होतो, ते त्याच आजीला समजावलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "असेल. तरी आंघोळ बरी."

तिथे मला कळलं की मला सरांकडून काय हवंय आणि काय नको. त्यांनी माझ्या मुलाला वेगळं मत सांगावं, ते त्याला पेलतं. आजीच्या नियमाची वर्गात टिंगल करून त्याला तिची लाज वाटायला लावली, तर मी त्याच दिवशी त्याला काढून घेईन, मग विज्ञान कितीही उत्तम शिकवोत. हीच अट मी श्रद्धाळू शिक्षकालाही लावेन. मागे एका धार्मिक वर्गात दुसऱ्या धर्माच्या मुलांबद्दल वाईटसाईट बोललं जायचं, तिथून मी लेकाला काढलं ते याच कारणाने.

नणंद टेक्ससमध्ये असते. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडेही हे होऊन गेलंय. सदर्न बॅप्टिस्ट चर्चने १९९७ मध्ये डिस्नीवर बहिष्कार घातला, कंपनी समलिंगी जोडीदारांना सवलती देते वगैरे कारणांनी, आणि २००५ मध्ये तो मागे घेतला. तिची शेजारीण तेव्हा लहान होती. तिला आजही एवढंच आठवतं की मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक डिस्नीच्या चित्राचा होता म्हणून आईने पाठवलं नाही. धर्म काय सांगतो हे तिला कुणी समजावलंच नव्हतं. त्या आईबापांची काळजी खरी होती, ते मला कळतं. पण मुलीला त्यातून फक्त बंद दार मिळालं.

लेकाला आज उत्तर दिलं. फी आपण शिकवण्याची देतो, त्यांच्या मतांची नाही, आणि ते शिकवणं प्रामाणिक आहे की नाही यावर मी आणि तुझे बाबा नजर ठेवून आहोत. देव आहे असं मी का मानते, हे तुला सरांनी नाही, मी सांगायचं आहे. त्यासाठी उद्यापासून आरतीनंतर थोडा वेळ बसू. तो म्हणाला, "प्रश्न विचारले तर चालतील?" मी हो म्हटलं आहे, आणि त्यातल्या काही प्रश्नांची उत्तरं मला सासूबाईंकडून घ्यावी लागतील.

नवऱ्याचं पूर्ण पटलेलं नाही. सुकामेवा तो त्याच्या ओळखीच्या दुकानातूनच आणणार आहे आणि त्याला माझी हरकत नाही. कपडे मास्तरांकडे, फराळ बचत गटाकडे. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की ही यादी आमच्या घराला मान्य नाही आणि मुलांना अशी सवय लावायची माझी तयारी नाही. दोघींनी स्वतंत्र मेसेज करून बरं केलंस म्हटलं, एका काकांनी फोन करून सुनावलं. काकांशी बोलायला नवरा स्वतः उद्या खाली जाणार आहे.