फक्त एएस

गुरुवार, रात्री साडेअकरा

जेनेटिक काउन्सेलिंगच्या, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देण्याच्या, वर्गात मॅडमनी आजच्या रोल-प्लेच्या कागदावर एकाच शब्दाभोवती गोल काढला. 'फक्त'. बाजूला काही लिहिलं नाही, गुणही कापले नाहीत. संध्याकाळपासून तो गोल डोळ्यांसमोरून हलत नाही.

वाक्य असं होतं, "घाबरू नका, तुम्ही फक्त एएस आहात." एएस म्हणजे सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक, एक जनुक नेहमीचं (ए), एक सिकलचं (एस). दोन्ही एस आले, म्हणजे एसएस, तर तो आजार. पेशंट झालेल्या मैत्रिणीने लगेच विचारलं, "मंग काई टेन्शन नाई ना, मॅडम?" मी नाही म्हटलं आणि ती उठली.

चूक तरी काय? एचपीएलसीत, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीत, एस ३६ टक्के, ए त्याहून जास्त. सिकल-बीटा थॅलेसेमियात (एक जनुक सिकलचं, दुसरं थॅलेसेमियाचं) एसचं पारडं जड असतं, ते इथे नव्हतं. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलंय का, हेही विचारलं होतं. चढवलेल्या रक्तातलं ए मिसळलं की एसएस पॅटर्नसुद्धा एएससारखा दिसू शकतो. नुसत्या 'सिकलिंग पॉझिटिव्ह'वर तर बोलायचंच नसतं. एस असलं की सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीच्या नळीतलं द्रावण गढूळ होतं, मागच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात, पण एएस की एसएस हे ती नळी सांगत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात एचबीएफ (गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन) जास्त असल्यामुळे ती चक्क निगेटिव्ह येऊ शकते. हे सगळं पाठ आहे. तरी एका शब्दाने दिवस गेला.

पेडिग्री, म्हणजे कुटुंबाचा वंशवृक्ष, नीट जमली होती. तीन पिढ्या, चौकोन पुरुष, गोल बाई, वारलेल्यावर तिरकी रेघ, ज्याच्यापासून चौकशी सुरू झाली त्याला बाण, खाली तारीख आणि माहिती कोणी दिली ते. पुस्तकातले नमुने 'अंकल-आंट'वाले असतात. आपल्याकडे मामा, मावशी, आत्या, काका म्हटलं की बाजू आपोआप कळते. 'भाऊ' मात्र फसवतो. सख्खा, चुलत, मामे, आते हे दर वेळी विचारावंच लागतं. "मुलं किती?" याचं उत्तर जिवंत मुलांचंच येतं. म्हणून "आजवर किती वेळा दिवस गेले?" असं विचारायचं. मग ती क्षणभर थांबते, आणि एक गेलेलं लेकरू कागदावर येतं. तिथे घाई करायची नाही, पेनही हातात धरायचं नाही. हे मला कोणी शिकवलं ते... जाऊ दे.

त्याच पेडिग्रीत नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ होती. म्हणजे नात्यातलं, मामाच्या मुलाशी लग्न. रेघ मीच काढली होती! तिची आई एएस, म्हणजे सख्खा मामा एएस असण्याची शक्यता निम्मी, त्याच्या मुलाची चारात एक. दुसऱ्या बाजूने काही आलं असेल तर अजून जास्त. नवऱ्याचं रक्त तपासलेलं नाही आणि हिला आठवा आठवडा. तोही एएस निघाला तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता २५ टक्के. प्रत्येक. "चारांत एक" म्हटलं की लोकांना वाटतं, एक आजारी झालं, आता पुढची तीन सुटली. म्हणून आईचं एक, बापाचं एक अशी दोन नाणी हातात देऊन पुन्हा पुन्हा उडवायला लावायची.

पोटातल्या बाळाला आजार आहे का हे पाहणारी कोरिऑनची (वारेच्या छोट्या तुकड्याची) तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत होते, गर्भजलाची सोळाव्याच्या पुढे. त्याआधी नवऱ्याचं एचपीएलसी, दोघांच्या डीएनएत दोष नेमका कुठला ते नक्की, आणि बाळाच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या नाहीत हे पडताळायला आईचंही रक्त. फॉर्म जी या कायद्याने ठरलेल्या नमुन्यावर संमती, तिला समजेल अशा भाषेत. हातात तीन आठवडे होते. माझ्या 'फक्त'ने ती घरी गेली असती आणि पाचव्या महिन्यात परत आली असती.

हेच टोचतंय. शब्द खोटा नव्हता, म्हणून जास्त.

पण काढून टाकला तर? "तुम्ही एएस आहात" एवढंच म्हटलं तर ऐकणारी 'आजारी' असं ऐकते. जुळत आलेलं स्थळ अशा कागदावर मोडतं. वाहकाची तब्येत चांगली असते, औषध लागत नाही. लघवीत रक्त दिसलं तर दाखवायचं, आणि नागपूरच्या मे महिन्यात उन्हात अंगमेहनत करताना पाणी कमी पडू द्यायचं नाही, एवढं सांगायचं. तिथे 'फक्त' हवाच वाटतो. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या सिकल सेलच्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठरलं होतं. दोष सापडतो त्यांतले बहुतेक एएसच. तेव्हा हा शब्द रोज किती तोंडांतून जात असेल! अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ शेल्डन रीड यांनी १९४७ मध्ये 'जेनेटिक हायजिन' हा शब्द नको म्हणून 'जेनेटिक काउन्सेलिंग' असं नाव दिलं. एक शब्द बदलायला त्यांनाही बसून विचार करावा लागला असणार.

आता रडू येत नाही. वहीत चार वाक्यं खोडून झाली. पाचवं असं: "तुमची तब्येत चांगली आहे, तुम्ही एएस आहात. आता तुमच्या यजमानांचं रक्त याच आठवड्यात तपासायचं, कारण बाळाचं उत्तर दोघांच्या रिपोर्टवर आहे. ते कधी येऊ शकतील?"

'याच आठवड्यात' वाक्यात फार उशिरा येतंय का? उद्या साडेदहाला मॅडमना आधी हेच विचारणार.