खंजिराची देवघेव

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'चिन्मयचं लग्न' असं आहे. लग्न २०१६ साली झालं. चिन्मयची मुलगी आता दुसरीत आहे, चिन्मय स्वतः ग्रुप सोडून गेला त्यालाही तीन वर्षं झाली, पण नाव तेच. हॉलचा पत्ता आणि जेवणाची वेळ सगळ्यांना एकदम कळवायला मी तो ग्रुप काढला आणि ॲडमिन होऊन बसले. हॉलची अनामत परत मिळाली, ॲडमिनपणातून मात्र सुटका नाही.

पोटापाण्यासाठी मी डोंबिवलीतल्या एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. पुस्तक कोणी नेलं, कधी नेलं, कधी आणलं, परत आलं तेव्हा त्यावर वरणाचा डाग होता का, हे लिहिण्यात सव्वीस वर्षं गेली. मध्यंतरी सगळं कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा कोरी रजिस्टरं रद्दीत निघाली. त्यातलं एक मी घरी आणलं. कशाला आणलं हे तेव्हा सांगता आलं नसतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याचा उपयोग सापडला.

आमच्या घरात तेव्हा दोन खाती होती. लालबागचे नानामामा आणि ठाण्याचे अण्णामामा शिवसेनेचे, कोथरूडची सुलूमावशी भाजपची. नानामामा म्हणजे १९६६ च्या पहिल्या दसरा मेळाव्याला शिवाजी पार्कवर हजर असलेला माणूस, वय तेव्हा एकोणीस. गिरणीच्या संपात नोकरी गेली, शाखा काही सुटली नाही. युती होती म्हणून ग्रुपवर भांडण नव्हतं. २४ ऑक्टोबरला निकाल लागला, भाजप १०५, शिवसेना ५६, आणि तिघांनीही एकाच पेढ्यांचा फोटो एकमेकांना पाठवला.

पुढच्या महिन्यात काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. राष्ट्रपती राजवट, २३ नोव्हेंबरचा पहाटेचा शपथविधी (मी तेव्हा दुधाच्या पिशव्या आत घेत होते), तीन दिवसांनी राजीनामे आणि २८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री. त्या रात्री मावशीचा लांबलचक मेसेज आला. 'जनतेनं एकाला मत दिलं आणि हे दुसऱ्याच्या मांडीवर जाऊन बसले. सत्तेसाठी विचार विकले. पाठीत खंजीर खुपसला! जनता माफ करणार नाही!!' उद्गारचिन्हांचा हिशेब मी ठेवलेला नाही.

खंजीर वाचून मी थबकले. हा खंजीर माझ्या ओळखीचा होता. वडील १९७८ ची गोष्ट सांगायचे, वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं आणि शरद पवार अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले ती. त्यात हाच खंजीर होता. महाराष्ट्रात तलवारी आहेत, भाले आहेत, वाघनखं आहेत, पण राजकारणात पाठीत जातो तो फक्त खंजीर, आणि माझा असा संशय आहे की तो एकच आहे. कोणीतरी नेतो, वापरतो, आणून ठेवतो, मग दुसरा नेतो. फिरत्या वाचनालयासारखं.

तेव्हा ते रजिस्टर काढलं. रकाने आखले: दिनांक, कोणी नेला, कोणाच्या पाठीत, परत. पहिली नोंद मागच्या तारखेची, जुलै १९७८. दुसरी मार्च २००६, राज ठाकरेंनी मनसे काढली तेव्हाची. ती आमच्या घरातलीच म्हणायची, कारण नानामामांचा मुलगा राजूदादा त्या पक्षात गेला. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत बापाचं कॅलेंडर एका भिंतीवर, मुलाचं समोरच्या. मामी मधे उभी राहून दोन्हीकडच्या एकादश्या बघायची. तिसरी नोंद नोव्हेंबर २०१९. 'कोणी नेला' या रकान्यात मी मावशीचं म्हणणं लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात मामांचं म्हणणं: 'शब्द आधी त्यांनी फिरवला, म्हणजे खंजीर त्यांच्याकडेच होता.' रजिस्टर निःपक्षपाती असावं.

खरी धमाल २०२२ च्या जूनमध्ये. एकनाथ शिंदेंबरोबर शिवसेनेचे आमदार सुरतेला, तिथून गुवाहाटीला. सांगोल्याच्या शहाजीबापूंचं ते झाडी-डोंगार-हाटीलवालं संभाषण त्याच आठवड्यातलं. आमच्या ग्रुपच्या इतिहासात सर्वांनी एकमतानं आनंद घेतलेली ती एकमेव राजकीय गोष्ट. नंतरच्या दिवाळीत आम्ही गुहागरला गेलो तर नानामामा आणि अण्णामामा दोघंही खोलीच्या गॅलरीत उभं राहून तेच म्हणत होते, एकमेकांकडे न बघता.

पण जूनचे ते दहा दिवस अण्णामामा ग्रुपवर एक अक्षर बोलले नाहीत. सकाळचं सुप्रभात नाही की संकष्टीची वेळ नाही. एकनाथ शिंदेंचा ३० जूनला शपथविधी झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसतं धनुष्यबाणाचं चित्र टाकलं. नानामामांनी तीन मिनिटांत उत्तर दिलं: 'गद्दार. पाठीत खंजीर.' सख्ख्या भावाला. मावशीनं लगेच लिहिलं, 'हा खंजीर नाही, हा उठाव आहे.' अडीच वर्षांपूर्वी खंजिराची पहिली पावती फाडणारी तीच. मी फक्त रजिस्टर उघडलं.

अण्णामामा का गेले याबद्दल ग्रुपवर हिंदुत्व, खोके, निष्ठा, विचार असे शंभरेक मेसेज पडले असतील. मला ठाऊक असलेलं कारण एवढंच, की मामीला रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं तेव्हा वागळे इस्टेटमधल्या ज्या शाखाप्रमुखानं गाडी आणली, तो ज्या बाजूला गेला त्या बाजूला अण्णामामा गेले. हे त्यांनी ग्रुपवर कधी लिहिलं नाही. तिथे लिहितात ती कारणं वेगळी असतात.

त्या वर्षीच्या दसऱ्याला मेळावे दोन, शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंचा आणि बीकेसीत शिंदेंचा. नानामामा पंचाहत्तरीत लालबागहून चालत शिवाजी पार्क, अण्णामामा बसमधून बीकेसी. संध्याकाळी दोघांचे फोन, पाच मिनिटांच्या अंतरानं. 'बाय, टीव्हीवर आमची गर्दी बघितलीस?' मी दोघांनाही हो म्हटलं. मी श्रीखंडासाठी दही टांगत होते.

शब्दांचीही फाळणी झाली. नानामामा शिंद्यांच्या माणसांना 'मिंधे' म्हणायला लागले, अण्णामामा उद्धव बाळासाहेब ठाकरेंच्या पक्षाला 'उबाठा'. त्यात गंमत अशी की उबाठा हे नाव आहे की शिवी, हे बोलणाऱ्याच्या आवाजावरून ठरवावं लागतं आणि मेसेजला आवाज नसतो. राजूदादा, जो सोळा वर्षं बापाशी भांडत होता, तो या काळात कमालीचा सुखी होता. त्याला दोन्हीकडे मत मांडता यायचं.

मावशीची परीक्षा पुढच्या वर्षी झाली. कितीतरी वर्षं ती सिंचनावर फॉरवर्ड पाठवायची. धरणं, टेंडरं, शून्यांनी भरलेले आकडे. २ जुलै २०२३ ला दुपारी अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, त्याच सरकारात. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर सिंचन हा शब्द आला तो एकदाच, मावशी गावाला जाताना कुंड्यांना पाणी कसं घालायचं ते विचारत होती तेव्हा. नानामामांनी हसून लोळण्याची चित्रं टाकली. पण नानामामांनी हसावं? आयुष्यभर ज्यांनी हाताच्या पंजावर शाईसुद्धा लागू दिली नाही, ते २०२४ च्या लोकसभेत काँग्रेसच्या सभेचे व्हिडिओ पाठवत होते, 'पूर्ण बघा' असं लिहून.

असं काही पकडलं गेलं की मराठी माणसाच्या भात्यात एक हुकमी बाण असतो: 'तेव्हा गेला होता कोठे राधासुता तुझा धर्म?' आमच्याकडे तो तिघंही वापरतात. आणीबाणीच्या वेळी कुठे होता धर्म, पहाटे कुठे होता, गुवाहाटीला कुठे होता. मला यातलं एकच खटकतं. ज्याला हे ऐकावं लागलं तो कर्ण रथातून खाली उतरून चिखलात रुतलेलं चाक काढत होता. आमच्या ग्रुपवर सगळे कृष्ण आहेत. चाक कोणाचंच रुतलेलं नाही. इतका धर्म आणि इतका चिखल असताना एकही कर्ण नसावा?

तर ४ जून २०२४. लोकसभेत महाराष्ट्रात ४८ पैकी महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७. ग्रुप पेटला. आणि मी एक आगाऊपणा केला. २८ नोव्हेंबर २०१९ चा मावशीचा तो मेसेज शोधून काढला, खंजिरासकट जसाच्या तसा कॉपी केला, वर 'आलेला मेसेज' असं लिहिलं आणि टाकून दिला. पक्षाचं नाव गाळावं म्हटलं तर त्यात पक्षाचं नावच नव्हतं. होतं ते फक्त 'हे' आणि 'दुसऱ्याच्या मांडीवर'.

नानामामा: 'अगदी मनातलं! कोणी लिहिलंय? पुढे पाठवतो.' अण्णामामा: 'असल्या भाडोत्री लेखकांना उत्तर द्यायची गरज नाही.' आणि खुद्द मावशी: 'हा फेक नॅरेटिव्ह आहे. असल्या पोस्टवर विश्वास ठेवू नका.'

मी ग्रुपवर काही बोलले नाही. संध्याकाळी मावशीला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाली, "अगं, तेव्हाची गोष्ट वेगळी होती." पुढे म्हणाली, "लिहिलं मात्र छान होतं गं मी." ते तर खरंच.

नोव्हेंबरच्या विधानसभेच्या आधी मात्र माझा धीर सुटला. नानामामांनी मावशीच्या जावयाला 'गुलाम' म्हटलं, जावयानं उलट 'चाटू' म्हटलं, आणि कोणीतरी मलाच विचारलं की ॲडमिन झोपल्यात काय. आता, सभासदानं काय लिहिलं त्याला ॲडमिन जबाबदार नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगून ठेवलं आहे. पण न्यायालयाला आमच्या घरी गणपतीला यायचं नसतं. मी सेटिंगमध्ये जाऊन 'फक्त ॲडमिन' करून टाकलं. ग्रुपवर शांतता. वाचनालयात पाटी लावून सव्वीस वर्षांत जी मिळाली नाही ती एका बटणावर.

(वाचनालयाच्या पेपरविभागात, सांगायचं राहिलं, दोन आजोबा रोज येतात. एक 'सामना' वाचतात, दुसरे 'तरुण भारत'. पंधरा वर्षांत त्यांचं भांडण एकदाच झालं, पंख्याखालच्या खुर्चीवरून.)

तर चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी सकाळी नानामामांचा फोन. आधी हवापाणी, मग माझ्या सासूचे गुडघे, मग म्हणाले, "बाय, अण्णाचं काही येत नाही चार दिवस. बरा आहे ना तो?" मी म्हटलं, मामा, मीच बंद केलंय सगळ्यांचं, तुम्हालाही लिहिता येत नाहीये. "माझं सोड. मला वाटलं, माझ्या टाइपिंगचा काहीतरी लोचा आहे. त्याचं काय?" मग त्याला फोन करा की, म्हटलं. "मी कशाला करू? गद्दाराला?" असं म्हणून त्यांनी ठेवला. मी सेटिंग परत केलं. सात मिनिटांत पहिला 'गद्दार' आला आणि दहाव्या मिनिटाला ठाण्याहून 'उबाठा'. दोघंही बरे होते.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला: भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवार ४१. नानामामा दोन दिवस जेवले नाहीत असं मामी म्हणाली. राजूदादा म्हणाला, दोन्ही दिवस रात्री फरसाण संपत होतं.

रजिस्टरात एक गोष्ट मला पहिल्यापासून सलत होती. 'परत' हा रकाना सगळा कोरा. पुस्तक असतं तर दंड लावला असता, सभासदत्व रद्द केलं असतं. पण ५ जुलै २०२५ ला वरळीला उद्धव आणि राज ठाकरे एका व्यासपीठावर आले, पहिलीपासूनच्या हिंदीचा निर्णय मागे घ्यायला लागला त्याच्या जल्लोषाला. लालबागहून बापलेक एकाच टॅक्सीतून गेले. टॅक्सीतला फोटो नानामामांनी ग्रुपवर टाकला. दोघांच्या मधे एक हात अंतर आहे, पण टॅक्सी एकच. आणि खाली त्यांनी लिहिलं होतं: 'मराठीसाठी आम्ही एक.' राजूदादानं त्यावर अंगठा दिला. एकोणीस वर्षांत बापाच्या मेसेजला दिलेला पहिला.

मी रजिस्टर काढलं. मार्च २००६ च्या नोंदीपुढे 'परत' लिहिलं आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला, कारण तोपर्यंत या रजिस्टराबद्दल कोणाला माहीत नव्हतं. दहा मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मग सुलूमावशीनं विचारलं की २०१९ च्या नोंदीत खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय, फोटो मोठा करून पाठव. नानामामांनी विचारलं, २०२२ ची नोंद लाल शाईत का नाही.

आणि ठाण्याहून अण्णामामांचं आलं: 'बाय, परत आला म्हणतेस ना? मग महापालिका होईपर्यंत कोणाला देऊ नकोस. मागणी कोणाची आहे ते लिहून ठेव.'

'परत'पुढची तारीख मी खोडरबरानं पुसली आणि पेन्सिलीनं पुन्हा लिहिली, जरा फिकट.